ग्रीनवुड अँड सन

"दुकान कधी सुरू झालं, बोला," मी म्हटलं.
बाबा म्हणाले, "आधी तो लाल दिवा झाक.
तो बघत बसला की मला खोटंच सुचतं."
मी दिव्यावर बसच्या पासचं पाकीट ठेवलं.

हॅलिफॅक्सची ती उतरती गल्ली,
शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान,
वर पाटी : ग्रीनवुड अँड सन.
बाबांनी विकत घेतलं, पाटी तशीच राहिली.
का, तर पैसे नव्हते.
आणि नंतर, पैसे आल्यावर?
"शिडी नव्हती."

तीस वर्षं गिऱ्हाइकं त्यांना मिस्टर ग्रीनवुड म्हणाली,
आणि ते तेलकट हातांनी मान वर करत राहिले.
आई पानावर बसताना विचारायची,
"ग्रीनवुड, भात वाढू?"

आमचं आडनाव टिपणीस.
पिढ्या गेल्या दुसऱ्यांचं टिपण्यात,
स्वतःचं म्हणाल तर चिठोरं नाही.
आहे ती ही एक वही, हिरव्या पाठीची.
आधी म्हाताऱ्याचं तिरकं, काटकसरी इंग्रजी,
मग मार्च शहात्तरच्या एका पानावर, मध्येच,
बाबांचं बाळबोध :

लाल केसांची. बॉबिन अडकतं. चार दिवस.
कुत्रेवाली. सुई वाकडी, स्वभावही.
खोकणारी बाई. पट्टा. चाळीस पेन्स बाकी.

नावं विचारायची भीड वाटायची म्हणे.
अख्खं गाव असं देवनागरीत बसलंय,
त्या गावाला ठाऊकही नाही.

"आणि यातला सन कोण?"

इथे रेकॉर्डिंगमध्ये बराच वेळ नुसती केटली आहे.

"कॉलिन. भांडून कॅनडाला गेला.
सही करताना मी म्हाताऱ्याला विचारलं,
तेवढा शब्द पुसून घेऊ का?
म्हणाला, राहू दे. आला तर दुकान सापडायला हवं."

"आला?"

"एकदा एक माणूस समोरच्या फुटपाथवर उभा राहिला,
पाटी वाचत. पावसात, टोपी हातात.
माझ्यापुढे यंत्र उघडं, दोन्ही हात आत.
पुसून बाहेर येईतो नव्हता.
कुणीही असेल.
हे लिहू नकोस."

शिडी तळघरात होती.
लहानपणी मी तिच्यावर बाहुल्या वाळत घालायचे.
बोलले नाही.

छापील पानावर 'संस्थापक' असा रकाना आहे,
तीन आठवडे मी तो कोरा ठेवलाय.

बाबांनी पाकीट उचललं. दिवा लालच.
"सगळं गेलं आत?"
"हो."
चहा पार गार झाला होता, तोच प्यायले.
"मग ते चाळीस पेन्स तेवढे खोड.
तिने दिले होते.
मीच मांडायला विसरलो."