दोन्ही हात

कळंबोलीच्या लोखंड बाजारात
वडिलांच्या पायावर सळ्यांचा भारा घसरला
तेव्हा मी सहावीत होते.
टोळीनं उचललं,
दवाखान्यात नेलं बलकार सिंगच्या ट्रकनं,
अर्धा माल मागं तसाच खडखडत.

मग मजुरी बंद.
आईनं आधी पितळेची घागर विकली,
मग डबे,
मग एका रविवारी म्हणाली,
चल, गुरुद्वारा नुसता बघून येऊ.

जोडाघरात एका म्हाताऱ्यानं
तिच्या चपला हातात घेतल्या, फडक्यानं पुसल्या.
आई इतकी ओशाळली
की टोकन घ्यायचंच विसरली.

लंगरात सतरंजीवर बसलो.
डाळ आली, खीर आली.
रोटीवाला पोरगा वाकून म्हणाला,
दोन्ही हात, बहनजी.

आईचे हात मांडीवरून हलेनात.
जावळीच्या खोऱ्यातून येताना
तिनं एवढंच बरोबर आणलं होतं:
मीठ संपलं तरी चालेल,
कुणापुढं हात पसरायचा नाही.

पोरगा थांबला. रोटीची वाफ विरली.
शेजारी चाळीस ट्रकांचा मालक
ओंजळ धरून बसला होता, लहान मुलासारखा.
आईनं ते पाहिलं.
तरी उठली,
डोक्यावरचा पदर खोचत थेट चुलीकडं गेली.

गुरमेज कौरनं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही,
कणकेचा गोळा पुढं सरकवला.
आईनं लाटणं बाजूला ठेवलं
आणि पीठ लावून थापायला लागली,
भाकरी थापावी तशी.
जाड झाली, कडेला चिरली, फुगली नाही.
बायका हसल्या.
गुरमेज कौर पंजाबीत काहीतरी म्हणाली,
आईला कळलं नाही, पण तीही हसली,
चार महिन्यांत पहिल्यांदा.
ती रोटी इतरांच्या ढिगात गेली.
कुणाच्या ताटात पडली, देव जाणे.

पुढच्या पंगतीत तिनं हात वर केले.
दोन्ही.

आता मी त्याच बाजारात वजनकाट्यावर बसते.
भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, मधला फरक पावतीवर.
आई दर रविवारी जाते.
तिच्या रोट्या अजून जाडच होतात,
ड्रायव्हर लोक मागून घेतात.

वडील कधी आले नाहीत.
ती रुमालात कडा प्रसाद आणते,
ते डावा हात पुढं करतात, उजव्यात कुबडी.
आई देत नाही.
उभी राहते तशीच,
ते कुबडी भिंतीला टेकवेपर्यंत.