शुक्रवारी रात्री कैरो

टेंभी नाक्यावर बाबांचं दुकान, दोन फळ्या रुंद.
बिन्यामिन वाक्रूळकर, रेडिओ दुरुस्त करून मिळतील.
त्यातलं 'मिळतील' गंजून गेलेलं,
तरी लोक येत.

गफूर तांडेल कौशाहून सायकलवर यायचा.
इंजिनखोलीतला माणूस, कान निम्मे गेलेले,
म्हणून साधं पाणी मागायचा तेही जहाजभर.
छप्पन साली तो पोर्ट सईदला होता.
'कालवा आमचा झाला त्या रात्री
धक्क्यावरच्या हमालांनी मला उचलला. मला!
नखांत ग्रीस, पायात एकच चप्पल.'
'आमचा' म्हणताना तो छातीवर हात ठेवी,
आणि बाबा सोल्डरिंगवरून मान न काढता म्हणत,
कालवा राबोडीपर्यंत आणलासच, गफूर, आता पाणी सोड.

त्याच्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून
एक फोटो चिकटवलेला. रुंद जबडा, कानांपाशी पिकलेले केस.
नासर.
जमीन मिळालेल्या कुळांबद्दल गफूर तासभर बोले.
तुरुंगात गेलेल्यांबद्दल बोलायचं काम बाबांचं.

सदुसष्टचा जून.
सायमनकाका बीरशेबात, पाच दिवस तार नाही.
शुक्रवार. आईचे दिवे लावून झालेले,
मनुकांचं सरबत पेल्यात.
दारात गफूर, काखेत रेडिओ, मेलेला.
'तो आज बोलणार हाय, बिन्यामिन.'

बाबांनी दोन्ही हात पाठीमागे धरले.
शब्बाथ लागलाय. मी स्क्रू शिवणार नाही.
मग जवळ येऊन बसले
आणि नुसत्या तोंडाने रेडिओ उघडला.
डावीकडचा. अजून डावीकडे. काच काळी पडलीय तो वाल्व.
दुसरा दुकानात, तिसऱ्या डब्यात. किल्ली खुंटीला.
पैसे रविवारी.

शिट्ट्या. कुठल्यातरी देशाचं हवामान.
मग तो.

मी दहा वर्षांची. मला अरबी काय कळणार.
गफूर बंदरातल्या अरबीतून तुकडे काढून देत होता:
म्हणतो, जबाबदारी माझी.
म्हणतो, मी जातो.
पुढचं त्याने आम्हाला सांगितलंच नाही.

बाबांनी सरबताचा पेला त्याच्यापुढे सरकवला.
तारेचा विषय कोणी काढला नाही.
आपले जिंकले होते, असं आई पुष्कळ वर्षांनी म्हणाली.
त्या रात्री आमच्या घरात कोणी जेवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लोकांनी त्याला परत बसवलं.
कालवा मात्र आठ वर्षं बंद.
खाऱ्या सरोवरात अडकलेली जहाजं वाळूने पिवळी पडली,
आणि गफूर केपला वळसे घालत म्हातारा झाला.
मधेच, सत्तरच्या सप्टेंबरात, तो दुकानात आला,
हातात रेडिओ नव्हता.
बाबांनी एक फळी लावली, एक उघडी ठेवली,
दोघे आत बसून राहिले.

आता त्याचा नातू अर्शद न्हावा-शेव्याला क्रेनवर असतो.
मागे भेटला, आमच्या सिनेगॉगच्या फाटकापाशी.
तांबड्या समुद्रात गोळीबार चाललाय, आत्या,
जहाजं पुन्हा केपवरून, माल दोन-दोन आठवडे उशिरा.
पेटी आहे का रे अजून?
आहे की. अम्मी त्यात सुके बोंबील ठेवते.
तो फोटो काही निघत नाही, किती भिजवला.
कोण होता तो?

सांगायला तोंड उघडलं
तर आधी नुसत्या शिट्ट्या,
मग कुठल्यातरी देशाचं हवामान.