परतीचं पाणी

ज्या काट्यावर एरवी रवा मोजते
त्यावर श्रीरंगने माझा टूथब्रश ठेवला.
अठरा ग्रॅम.
दांडा काप म्हणाला, दात काय दांड्याने घासतेस?

टेबलावर नकाशा. कोपरे उडू नयेत म्हणून
मिठाची बरणी, कुंदाचा चष्मा,
एक नारळ आणि इस्त्री.
सहकारनगरात, तिसऱ्या मजल्यावर,
वाळवंटातली ती दरी पसरलेली.
समोच्च रेषा इतक्या दाट
की केसांत कंगवा अडकावा तशी नजर अडते.

पाच दिवस, चार रात्री, ऑक्टोबरचा परवाना.
तळाशी नदी आहे,
पण नदीच्या आधी दीड दिवस नुसता दगड.
माणशी रोज पाच लिटर,
म्हणजे पाठीवर एक लहान मूल, जे पीत पीत संपत जातं.
श्रीरंगने वेधशाळेत चौतीस वर्षं पाऊस मोजला,
आता न पडणाऱ्या पावसाचा हिशोब मांडतोय.
आणि पडलाच तर? कुंदा विचारते.
पडला तर चाळीस कोसांवर पडेल, तो म्हणतो,
तुझ्या डोक्यावर निळं आभाळ असेल
आणि घळीतून लोंढा येईल.
कुंदा खुर्चीवर पाय वर घेते.

आमची सगळी शिकवणीच उलटी झालेली.
तोरणा काय, राजगड काय,
ताज्या पायांनी चढायचं,
वर बुक्कीने कांदा फोडायचा,
मग उतार म्हणजे घरच.
इथे आधी उतार.
दरी आत घेताना फुकट घेते,
पैसे बाहेर पडताना मागते.

म्हणून पहाटे साडेपाचला तळजाईवर
बारा लिटर घेऊन मी.
पळणारी पोरं वळून बघतात:
काकू, घर सोडून निघालात का?
वर पोचले की गुडघ्यांना जपायचं म्हणून
पाणी ओतून रिकामी उतरते.
एका काटेसावरीच्या रोपाला दहा लिटर,
उरलेलं शेजारच्या अनोळखी रोपाला,
जे बहुधा गवतच आहे.

गुरुवारी पाणी नव्हतं. दुरुस्ती.
बादल्या, पातेली, कुकरसुद्धा भरलेला,
आणि सबनीसकाका दारात, हातात कळशी:
तुमचे ते वाळवंटाचे कॅन भरलेले असतील ना?
चार लिटर दिले.
श्रीरंगला सांगितलं नाही.

नकाशावर कड्याच्या निम्म्यात
त्याने लाल फुली मारली आहे.
उतरताना तिथे, दगडाआड, सावलीत,
सहा लिटर ठेवून पुढे जायचं.
परतीचं पाणी.
बाटलीवर नाव लिहायचं, आणि तारीख,
आपण परत कधी येणार ती.
नाव मी झटकन लिहिलं.
तारखेपाशी पेन थांबलं.
बँकेत हजारो लोकांना मुदतीच्या तारखा लिहून दिल्या,
हात कधी असा थबकला नव्हता.

शेवटी सराव म्हणून
तळजाईच्या एका खडकामागे दोन लिटर ठेवले.
रेवती हुपरीकर, परत: रविवार.
तीन दिवस, उगाचच,
भांडी घासताना, कुंदाशी बोलताना,
त्या बाटलीचा विचार.
आपलं काहीतरी बाहेर आहे
आणि ते आणायला जायचं आहे.

रविवारी बाटली होती. अर्धी.
माझ्या अक्षराखाली निळ्या पेनाने, तिरकं:
"निम्मं घेतलं. माफ करा. गुरुवार होता."

मी तिथेच बसून उरलेलं प्यायले.
कोमट होतं, प्लॅस्टिकचा वास येत होता.
काटेसावरीला त्या दिवशी काही मिळालं नाही.

श्रीरंगला दाखवलं.
तो हसला नाही.
चष्मा वर करून चिठ्ठी दोनदा वाचली,
वही उघडली,
'घट' या रकान्यात लिहिलं, पन्नास टक्के,
आणि सहाच्या जागी
बारा केले.