खिशातली खुडूक

पहाटे साडेपाचला बामणोलीच्या धक्क्यावर
पाण्यातून धूर निघत असतो.
धुकं म्हणायचं त्याला, पण दिसतं
कुणी खाली जाळ घातल्यासारखं,
आणि बोट बुडवलं तर बोटच हरवतं.

डाव्या खांद्याला निळी पेटी. आत चार आइसपॅक,
मधे लसी, दोन ते आठ अंशांत जपायच्या.
उजव्या खिशात साबणाच्या वडीएवढी
पितळी डबी, मखमली पिशवीत.
एकीला ऊब सोसत नाही, दुसरी उबेवरच जगते.
दोन सवतींच्या मधली भिंत मी.

गेल्या हिवाळ्यात बोटं अशी पांढरी पडायची
की कुपीचं टोपण दातांनी काढावं वाटे.
बाळाच्या मांडीला हात लावला
की सुई दिसायच्या आधीच ते किंचाळे.
आई बघे माझ्याकडे. मी हात काखेत.

साताऱ्यात मोती चौकाच्या मागे
घड्याळं, लायटर दुरुस्त करणारे मुबारकभाई बागवान.
त्यांनी काचेवर तीन वस्तू मांडल्या.
एक चार्जिंगची. भाई, आमच्याकडे वीज पाहुणी येते.
एक लोखंडाच्या भुकटीची पुडी: हलवा, वापरा, फेका.
फेकायचं माझ्या लाल पिशवीत आधीच पुष्कळ.
मग ही. कोपऱ्यात चेपलेली,
तोंडाशी काचेच्या धाग्यांची जाळी, तिच्यात म्हणे प्लॅटिनम.
"भारी माल, सिस्टर, पण डोळ्यांना दिसेल इतका नाही."
साडेसहाशे सांगितले, पाचशे ऐंशी दिले,
वर चोचीचं माप फुकट.

हळूहळू शिकले.
लायटरचं पेट्रोल, दोन मापं, कापूस पिईल तेवढंच.
सांडलं तर पुसायचं, वास उडू द्यायचा,
मगच काडी, दहा आकडे मोजेपर्यंत.
ज्योत दिसली तर चुकलं.
काही न दिसता आरशावर वाफ धरली,
की समजायचं लागली.

एकदा डबा संपला, म्हणून अंकुशच्या फटफटीतलं घातलं.
जाळी काळी पडली. तासाभरात गप्प.
नव्या तोंडाला दोनशे दहा गेले,
आणि अंकुश अजून म्हणतो, माझ्या पेट्रोलला नावं ठेवू नका.

पल्याडच्या वाडीत ढेब्यांची ठकुबाई
पिशवी गालाला लावून म्हणाली,
"ही तर खुडूक कोंबडी. खिशात घिऊन फिरतीया बया."
तेव्हापासून तेच नाव.

तिच्याच नातसुनेचं लेकरू, पाच दिवसांचं,
दोन किलोला जरा कमी. पाय गार.
तापोळ्याच्या डॉक्टरांना फोन लागेना.
"ती कोंबडी ठेव की गोधडीत, त्याच्या शेजारी."
नाही म्हणाले.
ती हवा खाते, आजी. खिसा घट्ट झाला तरी विझते.
गोधडीत त्याच्या वाट्याचा श्वास घेईल,
आणि कातडं पोळवेल, आवाजही न करता.
ठकुबाई रुसली. उबेला नाही म्हणणारी नर्स कसली?

झबलं काढलं, टोपी राहू दिली.
नातसुनेचे तळवे आधी डबीवर शेकले,
डबी ओसरीवर नेऊन ठेवली,
मग लेकरू तिच्या उघड्या छातीवर पालथं,
ते तळवे त्याच्या पाठीवर, वरून गोधडी.
उंबऱ्याशी बसून राहिले.
बऱ्याच वेळाने ठकुबाईनेच पाय चाचपले.
"कोमट," म्हणाली. माझ्याकडे न बघता.
मग फोन लागला.

पेटीच्या तक्त्यावर लिहिलं:
सकाळी आठ, चार अंश. दुपारी एक, पाच.
हातांसाठी रकाना नाही.

परतीच्या लाँचवर अंकुशने न विचारता तळवा पुढे केला.
दिली.
एका हाताने सुकाणू धरून, दुसरी मूठ झाकून,
थोड्या वेळाने म्हणाला, निवत चाललीय.
म्हटलं, असू दे.
पहाटेपासून बसलीय ती.