उतार

ख्रोनिंगनच्या उत्तरेला, गाव संपून नुसतं आभाळ उरतं तिथे,
एल्त्येच्या ओट्यावर अंडं ठेवलं
की ते आपोआप खिडकीकडे चालू लागतं.
"बघ देर्क," ती म्हणते, "अंड्यालाही कळलंय, इथून निघायचं."
मी हसत नाही. माझ्या पिशवीत पाना आहे
आणि गॅस तोडायचा कागद, तिच्या सहीसकट.

हीच नळी माझ्या बापानं जोडली होती.
तेव्हा म्हणे चौकात बँड वाजला,
बायकांनी कोळशाच्या शेगड्या बाहेर आणून टाकल्या.
पायाखाली एवढा गॅस, की पणतवंडांनाही पुरेल.
पुरला असता.
जमीनच पुरली नाही.

भिंतीवर भेगेच्या टोकाला पेन्सिलीनं तारखा आहेत,
पोरांची उंची मोजावी तशा.
ऑगस्ट, इथपर्यंत. नाताळ, फडताळापर्यंत.
त्यापुढे वुब्बोचं अक्षर थांबतं, तिचं सुरू होतं,
मोठं आणि तिरकं. तिच्या नजरेच्या मधोमध
आता राखाडी डाग आहे, कडेकडेनं दिसतं तेवढंच.

मी नवी शेगडी खोक्यातून काढेपर्यंत
ती जुन्या शेगड्यांच्या चहाड्या सांगते.
आईचा रॉकेलचा स्टोव्ह: वास पडद्यांत मुरायचा,
पण चार तासांनी मांस असं शिजायचं
की सुरी लाजून बाजूला व्हायची.
बहिणीकडे विजेची, लोखंडी तबकड्यांची,
रुसलेल्या दिरासारखी, तापायला उशीर, निवायला त्याहून उशीर,
बंद केल्यावरही दूध उतू घालवणारी.
मुलीकडे आस्सेनला काचेखाली लाल होते ती.
"नुसता नट्टापट्टा. आणि पाक सांडला तर जन्माचा डाग."
"आणि गॅस?"
"गॅसकडे मी बघत नाही. ऐकते.
भगभग म्हणजे बटाटे. फुरफुर म्हणजे सूप.
काहीच ऐकू आलं नाही तर वुब्बोची कॉफी."

मग तिनं नव्या काचेवरून हात फिरवला,
झोपलेल्या जनावरावरून फिरवावा तसा.
"ही तर काहीच बोलत नाही रे. कळायचं कसं, पेटलीय की नाही?"
मी म्हटलं, वर लोखंड असल्याशिवाय ती तापतच नाही.
"वुब्बोसारखी. समोर ताट असल्याशिवाय उठायचा नाही."

खिशातला लोहचुंबक काढून मी भांडी तपासली.
चिकटला. चिकटला. घसरला.
घसरला ते ॲल्युमिनियमचं, लग्नातलं,
मोहरीच्या सुपाचं.
तिनं ते माझ्या हातातून घेतलं, बुडाला कान लावला,
आणि कपड्यांचे चिमटे त्यात भरून ठेवले.

नळीचं तोंड बंद करताना पाना जरा अडला.
बापाचा हात जड होता, आटे घट्ट बसवायचा.
मग फुस्स, एवढंच.

काचेवर मी सिलिकॉनचे तीन थेंब दिले:
चालू इथे, कमी इथे, जास्त इथे.
तिची तर्जनी त्यांच्यावरून दोनदा गेली, तिसऱ्यांदा न अडखळता.
मग मी पाणसळ ठेवली. बुडबुडा भिंतीला जाऊन चिकटला.
खाली दोन पाचरी लावाव्या लागतील, म्हटलं,
एका अंगाला बोटभर.
"नको. सगळं घर कललंय,
तिला एकटीलाच सरळ कशाला बसवतोस?"

सूप चार मिनिटांत उकळलं.
"एवढी घाई कुणाला होती," ती पुटपुटली,
आणि कान देऊन उभी राहिली. आतून पंखा घुमत होता,
बंद दाराआड कुणी घोरावं तसा.

ओटा वाकडा, काच वाकडी, भांडं वाकडं.
आत मात्र ते पिवळं सूप
अगदी पाणसळीत,
खिडकीच्या अंगाला खोल, भिंतीच्या अंगाला उथळ.
तिनं डाव कडेनं चाचपत नेला, खोल बाजूला बुडवला,
आणि माझं ताट भरलं.