तीन जीबी शिल्लक

कणकुंबीच्या वरच्या सड्यावर गाडी बंद केली
आणि कॅमेऱ्यानं सांगितलं: शिल्लक तीन जीबी.
बाकीचं कार्ड हलगेकरांच्या लग्नानं भरलेलं.
अक्षता, पंगत, नवरीच्या मामाचे अठ्ठेचाळीस फोटो,
अजून कुठंच उतरवून न घेतलेले.
दुसरं कार्ड नंदगडला, दुकानाच्या गल्ल्यात.

निजगुणी म्हणाला, आता काय करालास?

हिशेब सोपा.
जेपेग लावलं तर पाचशे फोटो, मध्यरात्र उलटेल.
रॉ लावलं तर एकशेवीस, तीस-तीस सेकंदांचे.
म्हणजे एक तास.
आणि मृग आत्ता कुठं झाडांच्या वर आलेला.

बावीस वर्षं मी जेपेगवर संसार केला.
हलकी फाईल. गिऱ्हाईक रात्रीच मागतंय,
व्हॉट्सॅपवर जायला पाहिजे.
आत एक कारकून बसलेला, भराभर शिक्के मारतो:
हे काळं, हे पांढरं, हे गुलाबी गाल,
हा ठिपका म्हणजे कचरा, पूस.
दोनशे छप्पन्न पायऱ्यांचा जिना;
त्यावर मावेल तो उजेड, उरेल ते नाहीच.
लग्नात कोण तक्रार करणार?

फक्त एकदा भरमाण्णा पाखरे आला होता
मुलीच्या बारशाचा फोटो घेऊन.
मागं दाराआड थोरला भाऊ उभा होता, म्हणाला,
तेवढाच मोठा करून दे.
भाऊ नंतर मुरगावला जहाजावर गेला, आला नाही.
मी उजळवत गेलो. काळोख करडा झाला,
करड्याच्या फरश्या झाल्या, चौकोन चौकोन.
एकाही चौकोनात भाऊ नव्हता.
तो उभा होता त्याच सेकंदाला
कारकुनानं ठरवून टाकलं होतं, इथं कोणी नाही.
पैसे घेतले नाहीत मी. चहा मागवला. तो न पिता गेला.

निजगुणीचा कॅमेरा वेगळा, लॅपटॉपला बांधलेला,
थंड करून घ्यायचा, फिट्स लिहिणारा.
प्रत्येक फाईलच्या कपाळावर मजकूर:
वेळ, तापमान, किती सेकंद, कुठून.
‘कुठून’च्या चौकटीत गावाचं नाव नाही.
पंधरा अंश बेचाळीस कला उत्तर,
चौऱ्याहत्तर अंश तेरा कला पूर्व.
नाव घातलं की कुठल्या स्पेलिंगनं, असं विचारतात,
तो म्हणाला, आणि मफलरच्या आत हसला.

मी रॉ लावलं.

घरी उघडीन तेव्हा हिरवट, मळकट दिसेल,
न धुतलेल्या पालेभाजीसारखं. कुणी रुपया देणार नाही.
पण सोळा हजार पायऱ्या आहेत त्यात,
आणि अगदी तळाशी, जिथं मला काही दिसत नाही,
कुणी बसलं असेल तर बसू दे.

सत्त्याऐंशीव्या फोटोला चोर्ल्याकडून बस आली,
हेडलाईट थेट भिंगात.
निजगुणी कन्नडमध्ये काहीतरी बोलला,
ते इथं लिहीत नाही.
फोटो वाया. तरी राहिला,
पंचवीस एमबी खाऊन, इतरांसारखाच.

शंभरला थांबलो.
उरलेले वीस भिंगावर झाकण लावून घेतले:
नुसता काळोख, तोही रॉमध्ये, तितकेच सेकंद.
कॅमेऱ्याचा आपला आपला खोटा उजेड किती
ते कळायला लागतं.
मग वजा करता येतो.

साकु? निजगुणीनं विचारलं.
म्हटलं, साकु.
दहा वाजले होते. मृग चढतच होता,
आणि आमच्याकडं जागा नव्हती.
येळ्ळ अमावस्येच्या बाजरीच्या भाकऱ्या काढल्या,
बॉनेटला टेकून खाल्ल्या, मान वर करून,
तीळ अंगावर सांडत.

एक कांडी रेंज आली तेवढ्यात फोन वाजला.
नवरीचा मामा.
माझे फोटो कधी पाठवताय हो?
सकाळी, म्हटलं.
जेपेग.