शृंगारबोडी

पहाटे पाचला व्हेरायटी चौकातून गाडी सुटली.
सतरा माणसं, नऊ दुर्बिणी, डबाभर सोललेली संत्री,
आणि मी, निवृत्त ट्रेसर, पाटबंधारे खातं,
कानाला मफलर बांधून खिडकीशी.

उमरेडला तर्री-पोहे. भिवापूरला ऊन.
पवनीच्या पुलाखाली वैनगंगेतून वाफ निघत होती,
नुकत्याच धुतलेल्या म्हशीच्या पाठीवरून निघते तशी.
मग कापलेल्या धानाच्या बांध्या, पुंजणे,
आणि फाट्यावर निळी पाटी:
शृंगारबोडी निसर्ग सहल. माणशी दोनशे.

मी पाटी दोनदा वाचली.

पाळीवर गाइड उभी होती,
पुस्तकला मारबते, ढिवर बायांच्या बचत गटाची,
साडीवर खाकी जाकीट, गळ्यात शिट्टी.
"हळू बोला जी. तो पाहा कमळपक्षी.
पानावर चालते, पान बुडत नाही.
नर बसते अंड्यावर. मादी फिरते."
बँकेतले एक काका म्हणाले, मजा आहे मादीची.
ती हसली नाही. तिने हे पुष्कळदा ऐकलेलं असावं.

गुडघाभर पाण्यात शिरून तिने देवधानाची काडी आणली,
गाद दाखवली, पोवन दाखवलं.
"इथं पुरी बेशरम होती. तीन उन्हाळे उपटली आमी.
मंग मासोळी आली. मासोळीमागं पाखरं.
पाखरामागं तुमी."

मग ती ताठ उभी राहिली, आवाज बदलला,
प्रशिक्षणातला:
"पूर्वी एक राणी या पाण्यात पाहून शृंगार करायची.
म्हणून ही शृंगारबोडी."
सगळ्यांनी पाण्याचे फोटो काढले.

सन सत्त्याऐंशी. दुसरा मजला, उत्तरेचा उजेड.
सर्व्हेअरच्या फील्डबुकात पेन्सिलीने, घामाने पुसट:
शिंगाडबोडी.
ड ची शेपटी गेली होती. मला तो र वाटला.
शिंगारबोडी. कानाला गावंढळ लागलं.
मी मराठीची एम.ए., पहिला वर्ग,
आणि शृ काढायला मला फार आवडायचं,
बारीक निबेने, श्वास धरून.
मी शुद्ध केलं.
शीट साहेबांकडे, तिथून निळी प्रत,
तिथून तलाठ्याचं दप्तर, तिथून पाटी,
आणि पाटीतून ही बाई निघाली,
आरसा नसलेली.

जेवणात भात, लाखोरीचे वडे, झिंग्यांची चटणी.
मी हात धुवायला उशीर केला,
ती पत्रावळी गोळा करत होती तिथे गेले.
म्हटलं, बाई, ते नाव मी लिहिलंय. चुकून.

"अवं माय," ती म्हणाली,
आणि जरा वेळ पत्रावळीच उचलत राहिली.
"आमी त शिंगाडबोडीच म्हणतो. शिंगाडे लागतेत, म्हून.
राणी माह्या भाच्यानं लिवली.
सायेबाले पायजे होती, पाटीले कहानी."
मग पाण्याकडे पाहून:
"पण लोकाले शिंगाड्यापक्षा राणीच आवडते जी.
दोनशे रुपये तिचेच."

मी माफी मागायची तयारी करून आले होते, गाडीतून, पवनीपासून.
तिला ती नको होती.
"तुमीच आणली, त तिचं नाव बी देऊन जा.
लोकं इचारतेत, राणीचं नाव काय.
मी म्हणतो, ते पाहा, बगळा."

परतीला अंधार. काका घोरत होते.
भिवापूरपासून मी नावं लावून पाहिली,
चंद्रावती, हेमांगिनी, मृगाक्षी.
एकेक जरा जास्तच शुद्ध.
स्वेटरच्या खिशात तिने दिलेले मूठभर ओले शिंगाडे.
एकाचं शिंग लोकरीतून बोटाला टोचलं,
खाली वळलेलं,
ड च्या शेपटीसारखं.

पाचगावला गाडी चहाला थांबली.
मी उतरले नाही.